चौथ्याची जागा

भुसावळच्या शेडमध्ये बा वाघिणींवर आकडे रंगवायचा.
वाघीण म्हणजे मालगाडीचा डबा,
हे मला शाळेत गेल्यावर कळलं.
तोवर वाटे, बा रोज जनावराच्या अंगावरून
हात फिरवून जिवंत परत येतो.

रविवारी त्याच ब्रशाने देवळात महादूत.
उजव्या भिंतीवर मिखाएल.
त्याचा तराजू केळीच्या काट्यावरून उतरवलेला,
म्हणून एक पारडं कायम खाली.
डावीकडे गॅब्रिएल. फादर म्हणाले, हातात लिली हवी.
बाने लिली पाहिली नव्हती, केळफूल दिलं:
जांभळं, जड, मानेतून वाकलेलं.
"असला निरोप काय हलका असतो?"
मागे दारावर राफाएल, काखेत तापीतला मरळ,
ज्याच्या पित्ताने एका म्हाताऱ्याचे डोळे उघडले.

एकदा पिंखसकाका आवासकर बघायला आले.
मालगाडीचे गार्ड; शनिवारची ड्यूटी
बदलून घेण्यात निम्मं आयुष्य गेलेलं.
टोपी न काढता मधोमध उभे राहिले.
"आणि पुढे कोण?"
"पुढे क्रूस."
"आम्ही झोपताना म्हणतो, गावित:
उजवीला मिखाएल, डावीला गॅब्रिएल,
पुढ्यात उरिएल, पाठीशी राफाएल.
आणि डोक्यावर तो."
बाने बोटं मोजली. "तुमना चार, आमना तीन."
चौथ्याचं नाव रोममध्ये कुणी कधी खोडलं,
ते फादरनाही नीट सांगता येईना.

काका म्हणाले, माझं सोपं आहे.
मी ब्रेकव्हॅनमध्ये, राफाएलच्या जागी.
इंजिनाचा दिवा उरिएल.
मधे चाळीस वाघिणी कोळसा,
कुशीवर झोपलेल्या माणसासारख्या.

मे महिन्यात, सत्तेचाळीस डिग्रीत,
पाचोऱ्याच्या अलीकडे काका बसल्या जागी गेले.
अकरा मिनिटं गाडी
पाठीशी कुणी नसताना चालली
आणि वेळेवर पोचली.

त्यांच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात.
गावात सहा निघाले,
रनिंग रूममध्ये झोपलेला एक फायरमन उठवून.
बा पुढे झाला: "सहा, आणि तुमचे चार."
काकांचे मेहुणे सिम्सोन रडता रडता हसले.
"त्यांना गुडघे नसतात, भाऊ. मरणही नसतं.
ज्याला मरायचंय, तोच मोजायचा."
तेवढा भाग न म्हणताच माती लोटली.

बा फादरकडे गेला, क्रूसाखालची वीतभर जागा मागायला.
यादीत नाही, फादर म्हणाले.
सोमवारी एका वाघिणीवर
आकड्यांच्या खाली कंदील उगवला,
बोटाएवढा, पिवळा.
मग दुसरीवर. मग मोजले नाहीत.
मेमो आला: अनधिकृत चिन्ह.
बाने सही केली, मेमोची घडी शर्टाच्या खिशात ठेवली,
ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला.
तोवर पहिल्या वाघिणी कटनीपलीकडे गेल्या होत्या.

आता बाच्या डोळ्यांत काचबिंदू.
जळगावचे डॉक्टर म्हणाले, उशीर झाला.
मरळाबद्दल त्यांना कोण विचारणार?
संध्याकाळी फाटकापाशी बाला खुर्ची टाकते.
मालगाडी आली की तो हात वर करतो.
"पहिलीवर बघ. तो पुढ्यातला."
नाही, बा.
"यार्डात शंटिंग होतं, पुढचा मागे जातो. शेवटची बघ."
एकोणचाळीस. चाळीस. नाही.
त्या वाघिणी भंगारात जाऊन वीस वर्षं झाली,
हे त्याला माहीत आहे. मलाही.
"मग मधे असेल," बा म्हणतो,
"झोपलेल्याच्या छातीपाशी. चटकन दिसत नाही तिथे."

गेटमन फाटक उचलतो.
रिक्षा, केळीचा टेम्पो, सायकलवरचा पोरगा,
सगळे एकदम घुसतात, कुणी कुणाला वाट देत नाही,
आणि बा अजून हात वरच धरून बसलेला.